बाळाला काय काय चाखवायचं? गोव्यातल्या घरांतून नेहमी येणारे प्रश्न

मी फोंडा तालुक्यात राहते. दोन मुलांची आई आहे, आणि बाळंतिणींशी, त्यांच्या आयांशी, सासवांशी बाळाच्या खाण्याबद्दल बोलणं हेच माझं काम आहे. कुणी मराठीत विचारतं, कुणी कोंकणीत, पण प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र लिहिले आहेत. ही उत्तरं पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळांसाठी आहेत. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, वजन वाढत नसेल किंवा अंगावर जास्त इसब असेल, तर आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.

वरचं खाणं नेमकं कधी सुरू करायचं? आमच्याकडे मुलीच्या उष्टावणाचा मुहूर्त पाचव्या महिन्यातला निघालाय.

सहा महिने पूर्ण झाल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेचाही हाच सल्ला आहे: तोवर फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, आणि पुढे दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ दूध चालू ठेवायचं. याच सुमारास बाळ आधाराने बसतं, मान नीट धरतं आणि तोंडात घातलेलं जिभेने बाहेर ढकलायचं बंद करतं.

मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायची रीत आपल्या बऱ्याच घरांत आहे. मग पाचव्याऐवजी सातवा धरा. तोही विषमच, आणि तेव्हा बाळाचे सहा महिने भरलेले असतात. रीतही राहते आणि बाळाच्या पोटाचंही राखलं जातं.

उष्टावणाच्या खिरीत मध चालेल? आणि गुटी?

मध एक वर्षापर्यंत अजिबात नको, बोटाला लावून चाटवायलाही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. गुटीही पहिल्या सहा महिन्यांत देऊ नये. उगाळून किती पोटात गेलं याचं माप कुणालाच कळत नाही.

पेज, वरणभात, नाचण्याचं सत्त्व यावर आमची पिढी वाढलीच ना? एवढ्या वेगवेगळ्या चवी हव्यात कशाला?

उकड्या तांदळाची पेज चांगलीच आहे, ती सोडू नका. पण पातळ पेजेने बाळाचं इवलंसं पोट भरतं आणि अंगाला फार थोडं लागतं. शिवाय जन्मतः बरोबर आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास ओसरायला लागतो आणि दुधातून ती तूट भरून निघत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाच्या आहाराकडे आठ गटांनी बघतात: आईचं दूध, धान्यं-कंद, डाळी-कडधान्यं-शेंगदाणे, दूध-दही, मासे-मटण, अंडी, भोपळा-गाजर-पालेभाजी-आंब्यासारख्या अ जीवनसत्त्वाच्या भाज्या-फळं, आणि बाकीच्या भाज्या-फळं. दिवसभरात यांतले किमान पाच पोटात जावेत. आता तुमच्या घरचं ताट आठवा. आईचं दूध, पेज, मुगाची तोय (पातळ वरण), बांगड्याचा काटे काढलेला तुकडा, तांबडी भाजी (लाल माठ). झाले पाच. वेगळं काही विकत आणावं लागलं नाही.

पोषणाइतकंच महत्त्वाचं दुसरं कारण आहे. सहा महिन्यांपासून साधारण दीड वर्षापर्यंत बाळ नव्या चवीला जितकं मोकळं असतं, तितकं पुढे बरीच वर्षं नसतं. दीड-दोन वर्षांनंतर अनोळखी पदार्थाची भीती वाटायला लागते. तेव्हा जी चव ओळखीची असते, ती टिकते. म्हणून हे वर्ष नुसत्या पेजेवर घालवू नका असं मी प्रत्येक घरात कळकळीने सांगते.

ओळख खरं तर पोटात असतानाच सुरू होते. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही आयांनी गरोदरपणी, तर काहींनी अंगावर पाजताना नियमित गाजराचा रस घेतला होता. पुढे त्यांच्या बाळांना गाजराच्या चवीची पेज दिली, तेव्हा त्यांनी इतर बाळांपेक्षा कमी वेळा तोंड वाकडं केलं. म्हणून बाळंतिणीला महिनोन् महिने बेचव जेवण देऊ नका. लसूण, मेथी, आमसूल, हुमण (माशांची कढी), सगळं तिने खावं. त्यांचा वास-स्वाद दुधातून बाळापर्यंत पोचतो.

सुरुवात गोडापासून केली तर बाळ पटकन खातं. त्यात वाईट काय?

मी तेच केलं होतं. थोरलीला पहिले दोन महिने नाचणी-गूळ, केळं, सफरचंद, चिकू यांवर ठेवलं. ती वाटी चाटूनपुसून खायची आणि मला वाटायचं, काय छान खाते माझी लेक! आठव्या महिन्यात दुधी शिजवून पुढे केला, तर तिने ओठ घट्ट मिटले. भेंडी, वाली, मूग, सगळ्याला तेच. पुढची दोन वर्षं मी तिच्यामागे वाटी घेऊन फिरले.

गोडाची आवड बाळ जन्मतःच घेऊन येतं आणि आईचं दूधही गोडसर असतं. ती शिकवावी लागत नाही. शिकवावी लागते ती कडू, तुरट, मातकट चव. धाकट्याच्या वेळी मी पहिल्याच आठवड्यात दुधी, तांबडी भाजी आणि मुगाची तोय आणली. फळं होती, पण जेवणाच्या जागी नव्हती. साखर आणि गूळ दोन वर्षांपर्यंत घालूच नका. नाचण्याच्या तिजानीत नारळाचा रस आणि कुस्करलेलं केळं पुरेसं होतं.

दुधीवरून एक आठवलं. नवऱ्याच्या घरी कोंकणी बोलतात आणि कोंकणीत ‘दुदी’ म्हणजे तांबडा भोपळा. मराठीतला दुधी तिथे ‘कोंकण दुदी’. सल्ला देताना मी आता भाजीचा रंगसुद्धा सांगते. दोन्ही बाळाला उत्तमच.

एक घास घेतला की तोंड वाकडं करतं, थुंकून टाकतं. आवडत नाही म्हणून बंद करू?

नका करू. सगळ्यात जास्त भाज्या घरातून याच कारणाने हद्दपार होतात.

तोंड वाकडं करणं म्हणजे ‘हे नवीन आहे’ एवढंच. तोच पदार्थ पुन्हा पुन्हा, थोडाथोडा दिला की बहुतेक बाळं तो स्वीकारतात, पण त्याला आठ-दहा वेळा लागतात, कधी जास्तही. बहुतेक घरांत दोन-तीन वेळातच भाजीवर ‘आवडत नाही’ असा शिक्का बसतो.

धाकट्याची तांबडी भाजी मला दिवसागणिक आठवते. भाजी वाफवून, नारळाच्या रसात कालवून, मऊ भाताबरोबर द्यायचे. पहिल्या दिवशी त्याने डोळे मिटून सगळं अंग शहारल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी हनुवटीवरून लाल ओघळ. चौथ्या दिवशी जिभेने चाटून पाहिली, गिळली नाही. मग मी दोन दिवस थांबले. सातव्या की आठव्या वेळी त्याने स्वतः वाटीत हात घातला आणि लाल झालेली मूठ तोंडात कोंबली. या सगळ्या दिवसांत त्याच्या पोटात जेमतेम दोन चमचे भाजी गेली असेल. तरीही ते दिवस फुकट गेले नव्हते.

नव्या भाजीबरोबर एक ओळखीचा पदार्थ ठेवा. त्याच भाजीचा घास तुम्ही त्याच्यासमोर खा. जबरदस्ती एकदाही नको. नाक दाबून घास घालणं मी अजूनही काही घरांत पाहते. त्यामुळे बाळ त्या भाजीलाच नाही, तर चमच्यालाही भिऊ लागतं.

मासे कधीपासून? आणि कोणते?

सहा महिने झाल्यावर, वरच्या अन्नाची थोडी सवय लागली की लगेच. वर्षभर थांबायचं कारण नाही. गोव्यात राहून बाळाला मासे उशिरा देणं मला फार चुकीचं वाटतं. लोह, उत्तम प्रथिनं, मेंदूला लागणारे ओमेगा-३ मेद, सगळं त्या छोट्या तुकड्यात असतं.

माझ्या सासूबाईंनी पहिला मासा मुड्डोशीचा दिला. मऊ, सौम्य, वास कमी. हळदीच्या पाण्यात वाफवला, ताटलीत थंड केला, आणि मग अंगठा नि तर्जनीमध्ये प्रत्येक कण चिरडून पाहिला. डोळ्यांनी काटा चुकतो, बोटांना सापडतो, असं त्या म्हणतात. सगळा कीस तीनदा चाळल्यावरच भातात कालवला. आजही मी हे काम चमच्याने करत नाही.

लेपो, बांगडा, तारलेही द्या. बांगड्या-तारल्यांत मेद जास्त आणि पारा कमी असतो, कारण ते छोटे आहेत. मोठे शिकारी मासे आयुष्यभर लहान मासे खाऊन अंगात पारा साठवतात. म्हणून मोरी (शार्क) बाळाला नको, इसवण (सुरमई) कधीतरी आणि थोडा. सुंगटं (कोळंबी), तिसऱ्या (शिंपल्या) हे कवचाचे प्रकार ॲलर्जी करणाऱ्यांत मोडतात. ते वेगळ्या दिवशी, पूर्ण शिजवून, अगदी बारीक करून द्या.

डिसेंबरात जन्मलेल्या बाळांच्या आयांना एक अडचण येते. बाळ सहा महिन्यांचं होतं तेव्हा जून लागलेला असतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मग घरात सुकी सुंगटं, सुके बांगडे निघतात. ते बाळाला देऊ नका, त्यांत मीठ फार असतं. त्या दिवसांत नदीचे-खाडीचे ताजे मासे मिळाले तर घ्या, नाहीतर अंडं आणि कडधान्यांवर भर द्या.

आम्ही शिवराक (शाकाहारी). लोह कुठून मिळणार?

मूग, मसूर, चवळी (आपले आळसांदे), नाचणी, तीळ, पालेभाज्या यांतून. मुगागाठी (मोडाच्या मुगाची भाजी) करताना सोललेले, मोड आलेले मूग तिखट घालण्याआधी वाटीभर बाजूला काढा. भाज्यांतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, पण बरोबर क जीवनसत्त्व असलं की ते वाढतं. म्हणून वरणात लिंबाचे दोन थेंब पिळा किंवा जेवणाबरोबर पिकलेल्या पेरूचा मऊ गर द्या. अंडं चालत असेल तर पूर्ण उकडून द्या, पिवळं आणि पांढरं दोन्ही.

६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोह आणि फॉलिक ॲसिडचं सिरप द्यायची सरकारी योजना आहे. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात त्याची चौकशी करा.

शेंगदाणे, काजू एवढ्या लहान बाळाला? ॲलर्जी होईल ना?

पूर्वी डॉक्टरही उशीर करायला सांगायचे. तो विचार आता बदलला आहे. ब्रिटनमध्ये गंभीर इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांवर एक मोठा अभ्यास झाला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे टाळल्याने बाळ सुरक्षित राहतं हे खरं नाही.

पण अख्खा दाणा किंवा काजूगर चार-पाच वर्षांपर्यंत नको, तो घशात अडकतो. भाजून, अगदी बारीक पूड करून, पेजेत किंवा वरणात पाव चमचा घाला. शेंगदाणे, काजू, अंडं, मासे, गहू, तीळ, सोयाबीन, दूध-दही यांतला एका वेळी एकच नवा पदार्थ द्या आणि दोन-तीन दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. तो सकाळी द्या, म्हणजे काही झालंच तर दिवस हाताशी असतो. बहुतेक वेळा काही मिनिटांपासून दोन तासांत लक्षण दिसतं: अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, पुन्हा पुन्हा उलटी. श्वासाला घरघर लागली किंवा बाळ एकदम मलूल पडलं, तर लगेच १०८ ला फोन करा. पदार्थ मानवला की तो आठवड्यातून एक-दोनदा चालू ठेवा. एकदा देऊन सोडून देण्यात फायदा नाही.

ओल्या काजूंच्या दिवसांत एक काळजी घ्या. काजूच्या सालीतलं तेल कातडी भाजतं. बिया फोडलेल्या हातांनी बाळाला घेऊ नका आणि टरफलं त्याच्या हाती लागतील अशी ठेवू नका.

मीठ, तिखट, मसाले?

मीठ पहिल्या वर्षात घालू नका. आपल्याला बेचव लागतं, बाळाला नाही. तिखट नको. मसाल्यांचा वास मात्र जरूर असू दे: जिरं, हळद, धणे, हिंग, लसूण, कढीपत्ता, कोथिंबीर. मला आवडणारी युक्ती अशी. सगळ्यांसाठी खतखतं (मिश्र भाजी) किंवा तोंडाक (कडधान्याची आमटी) रटरटतंय, मीठ-मिरची पडायच्या आधी दोन डाव बाळासाठी काढून ठेवा. तेफळाचा वास त्यात उतरला असला तर उतरू दे, फक्त तेफळं वेचून टाका. आमसुलाचं आंबट पाणी वरणात चमचाभर घातलं, तर बाळ डोळे मिचकावतं आणि पुन्हा तोंड उघडतं.

सगळं मिक्सरमधून काढायचं का?

पहिले दोन-तीन आठवडे मऊ, गुळगुळीत चालेल. चमचा कलता केला तरी सांडणार नाही इतकं दाट मात्र हवं. मग मिक्सर बंद करा आणि बोटांनी किंवा रवीने चुरडा. आठव्या महिन्यापर्यंत मऊ गुठळ्या यायलाच हव्यात. नऊ-दहा महिन्यांपर्यंत गुठळ्यांची ओळख झाली नाही, तर पुढे अनेक मुलं चावून खायला कुरकुर करतात. आठव्या-नवव्या महिन्यापासून हातात धरता येईल असं काहीतरीही द्या: वाफवलेल्या भोपळ्याचा लांब तुकडा, शिजलेली भेंडी, मयडे गावच्या केळ्याची वाफवलेली फोड.

ओकारीसारखा आवाज करत, तोंड लाल करून, खोकत बाळ घास पुढे ढकलतं, ते ठीक आहे. बोट घालू नका, थांबा. घास अडकला की आवाजच येत नाही आणि ओठ निळे पडतात. तेव्हा बाळाला डोकं खाली करून हातावर उपडं घ्या आणि खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा द्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. हे घरातल्या प्रत्येकाने आधीच शिकून घ्यावं, आजीआजोबांनीही.

चहात बुडवलेला उंडो (गोल पाव) किंवा बिस्कीट? आमच्याकडे सगळी बाळं तेच खातात.

सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजतो, गरम पाव येतो, आजोबा मांडीवर नातवाला घेतात आणि कपात बुडवलेला तुकडा त्याच्या तोंडात जातो. त्या क्षणातली माया मला कळते आणि ती तोडायला मी सांगत नाही. फक्त कप बदला. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अडवतं, वर त्यात साखर असते. पोईचा तुकडा मुगाच्या कढणात किंवा आईच्या दुधात भिजवा. मांडी आणि पाव तोच राहू दे.

आंबा, फणस उष्ण पडतात म्हणतात.

पिकलेला मानकुराद सहा महिन्यांनंतर खुशाल द्या, थोडा. तोंडाभोवती पुरळ येतो तो बहुतेकदा देठाच्या चिकाने. आंबा धुऊन, देठाकडचा भाग कापून, चीक जाऊ देऊन गर काढा आणि भरवल्यावर हनुवटी पुसा. रसाळ फणसाचे गरे निसरडे असतात, घशात सरकतात. ते गाळून नुसता रस द्या. कापा फणस नंतर.

किती भरवायचं?

सुरुवातीला दोन-तीन चमचे. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा, नऊ महिन्यांपासून तीन-चारदा. त्याने मान फिरवली की जेवण संपलं. मोबाइल दाखवून भरवलेला घास पोटात जातो, पण बाळाला त्याची चव कळत नाही आणि पोट भरल्याचंही कळत नाही.

दीड वर्षापर्यंत सगळं खायचा. आता भात आणि दही सोडून कशालाच हात लावत नाही.

हे वय असंच असतं आणि बहुतेक मुलांत ते ओसरतं. भाजी ताटात वाढत राहा, अगदी दोन फोडी. ‘खा’ म्हणू नका, खाल्ल्यावर टाळ्याही नकोत. वेगळा पदार्थ रांधून देऊ नका, पण ताटात त्याला चालणारं एक काहीतरी असू दे. धाकट्याने जवळजवळ वर्षभर वाली ताटाबाहेर काढून ओळीत मांडून ठेवली. मी रोज वाढत होते, तो रोज मांडत होता. एक दिवस ओळीत एक तुकडा कमी होता.

तो खात असलेल्या पदार्थांची यादी महिन्यागणिक लहान होत असेल, वजन थांबलं असेल, किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा. आणि जाताना आठवडाभर त्याने काय काय खाल्लं ते कागदावर लिहून न्या.